ठिगळ की रफू? जीपच्या तळाचा पत्रा आणि आपला हुनर

कापडाच्या व्यापाऱ्याने जीपच्या पत्र्यावर लेख लिहावा हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. आमचे उभे आयुष्य तागे मोजण्यात आणि गठ्ठे बांधण्यात गेले. शिक्षण उर्दू शाळेत झाले, हिशेब मोडीतोडीत शिकलो, आणि मोटारीतले ज्ञान म्हणाल तर चावी फिरवण्यापुरतेच. तरीही गेल्या काही वर्षांत एका जुन्या जीपच्या तळाने आम्हाला धंद्याबद्दल जे शिकवले ते दुकानाच्या गादीवर बसून तीस वर्षांत कळले नव्हते. आमच्या वाचकांत डेंटर, वेल्डर, पत्रेवाले, रंगारी असे कारागीर आहेत आणि त्यांच्याकडून काम करून घेणारे व्यापारीही आहेत. हा विषय दोघांच्याही फायद्या-नुकसानीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे १९७२ सालची उंच नाकाची सीजे-३बी जीप आहे. वडिलांनी ती घेतली तेव्हा चिपळूणच्या आसपासच्या कित्येक वाड्यांना धड रस्ता नव्हता. मागे कापडाचे गठ्ठे, वर ताडपत्री, आणि आठवडे बाजार गाठायचा, असा त्या काळचा धंदा. लुगडी, मांजरपाट, चादरी, शाळेच्या गणवेशाचे कापड, सगळे या जीपने वाहिले. वडील गेले, टेम्पो आले, पण जीप आम्ही विकली नाही.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले ते सर्वांना आठवत असेल. आमच्या दुकानातला खालचा माल गेला. जीप मागच्या पडवीत होती, तीही सीटच्या वरपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर तळावर बोटभर गाळ होता. त्या दिवसांत माल वाचवायचा की जीप, हा प्रश्नच नव्हता. गाळ काढायला दोन महिने लागले. तोवर तळाचा पत्रा जागोजागी पापडासारखा झाला होता.

हिवाळ्यात आम्ही ती एका गॅरेजमध्ये नेली. नाव लिहीत नाही, कारण पुढे दिसेल की चूक एकट्या गॅरेजवाल्याची नव्हती. त्याने बावीस हजार सांगितले. आम्ही व्यापारी माणसे, घासाघीस अंगात मुरलेली. बाराला तोडले आणि मोठ्या खुशीत घरी आलो. आठ दिवसांनी जीप मिळाली. तळ नवाकोरा, काळ्या रंगाने चकाकणारा. वर रबराची चटई त्याने फुकट टाकून दिली होती.

पुढच्या पावसाळ्यात, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, आमचा पुतण्या ती घेऊन कुंभार्ली घाटातून पाटणकडे निघाला होता. उतारावर ब्रेक दाबला आणि सीटचे मागचे दोन्ही बोल्ट पत्र्यासकट उपटून वर आले. सीट मागे कलंडली, पाय ब्रेकवरून निसटला. मुलगा हुशार, गाडी गिअरमध्ये होती, त्याने स्टिअरिंग डोंगराच्या अंगाला वळवले आणि जीप गटारात जाऊन टेकली. खांदा दुखावला, एवढ्यावर निभावले. दुसऱ्या अंगाला दरी होती. त्या रात्री घरात कोणी नीट जेवले नाही.

जीप ओढून आणल्यावर चटई काढून पाहिली. जुना कुजलेला पत्रा तसाच होता. त्याच्यावर नवा पातळ पत्रा पसरून कडेने वेल्डिंगचे थेंब टाकले होते आणि उरलेल्या फटी लांबी भरून बुजवल्या होत्या. दोन पत्र्यांच्या मधे गंजाचा चिखल साचला होता. आमच्या भाषेत सांगायचे तर कुजक्या अस्तरावर नवे कापड शिवून दिले होते. शिवण धरणार कशाला?

जीप आणि मुंबईचा पत्रा

जीप ही मूळची लढाईची गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. आपल्याकडे ती कशी आली हे मात्र व्यापाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी भागीदारीत एक कंपनी काढली, तिचे नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’. धंदा होता पोलादाचा. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. १९४९ मध्ये मुंबईच्या माझगावात विलिस जीपचे सुटे भाग आणून जोडणी सुरू झाली. म्हणजे आपल्या देशातल्या जीपची सुरुवातच पोलादाच्या व्यापारातून आणि माझगावच्या कारागिरांच्या हातातून झाली. पुढे अनेक वर्षे थोड्याफार फरकाने याच घडणीच्या जीपगाड्या पोलिसांकडे, वनखात्याकडे, ऊसवाल्यांकडे आणि आमच्यासारख्या व्यापाऱ्यांकडे धावत राहिल्या. त्यांतल्या अजूनही पुष्कळ शिल्लक आहेत. त्यांचे इंजिन सहसा मरत नाही, आधी तळ मरतो.

तळ कुजतो कसा

ही गोष्ट आम्हाला ज्याने समजावली तो सत्तरीला टेकलेला मिस्त्री. उमेदीची वर्षे मुंबईच्या गॅरेजांत काढून गावी परतलेला. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी जीप जॅकवर घेतली, आम्हाला खाली वाकायला लावले आणि पेचकसाची मूठ पत्र्यावर ठोकत गेले. चांगला पत्रा टणटणीत वाजतो, कुजलेला बद्द बोलतो. मग टोक दाबले, ते आरपार गेले.

“शेठ, वरून गंज दिसतो तेव्हा आतून काम होऊन गेलेले असते,” चाचा म्हणाले.

जीपचा तळ म्हणजे नुसता सपाट पत्रा नव्हे. त्याच्या खाली उलट्या टोपीच्या आकाराची आडवी चॅनेल असतात. तळ या चॅनेलवर बसतो आणि चॅनेल बोल्टने चासीवर बसतात, मधे रबराची किंवा कॅनव्हासची गादी. पाणी या पोकळ चॅनेलमध्ये शिरते आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर तिथेच राहते. लढाईतल्या जुन्या जीपमध्ये तर चॅनेलच्या आत लाकडी ठोकळे घातलेले असत. लाकूड पाणी धरून ठेवी आणि पत्रा आतून खाई. आपल्या कोकणात खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. घाटावर चिखल आणि उसाची मळी. कारणे निराळी, परिणाम एकच.

यात एक गोष्ट आमच्या धंद्याची निघाली, आणि तिथे आम्ही चाचांना चार शब्द सांगू शकलो. पुष्कळ लोक तळावर पोत्याचे तरट किंवा सुती सतरंजी टाकतात. सूत आणि ताग हवेतला ओलावा ओढून घेतात. कापड-तागाच्या व्यवहारात वजन करताना सुताला साडेआठ टक्के आणि तागाला पावणेचौदा टक्के ओलावा धरण्याची रीत आहे. पॉलिस्टरला अर्धा टक्काही नाही. म्हणजे दिसायला कोरडे तरटसुद्धा पत्र्याला बारा महिने ओले फडके बांधल्यासारखे असते. रबराची चटई ओलावा शोषत नाही, पण खाली गेलेले पाणी वर येऊ देत नाही, म्हणून तीही बरी नव्हे. जीपचा तळ उघडाच ठेवलेला बरा. चटई हवीच असेल तर धुतल्यावर काढून उन्हात टाकावी.

तशीच हल्ली ॲल्युमिनियमची चेकर प्लेट बसवण्याची हौस आहे. दिसते छान. पण ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना चिकटून राहिले आणि मधे खारे पाणी गेले की दोन धातूंची आपसांत रासायनिक कुस्ती सुरू होते. शिवाय प्लेटच्या खाली काय चालले आहे ते मालकाला दिसत नाही. पहिल्या गॅरेजने आमच्याकडे चटईखाली जे झाकले तेच काम चेकर प्लेट जास्त पैसे घेऊन करते.

काम कसे व्हावे

चाचांनी काम कसे केले ते आम्ही रोज जाऊन पाहिले. कारागीर बांधवांना यातले बरेच ठाऊक असेल. पण गिऱ्हाइकालाही ते ठाऊक असावे, म्हणजे पैसे कशाचे द्यायचे ते कळेल.

पहिले काम आगीची काळजी. या जीपची पेट्रोलची टाकी सीटखाली असते. ती काढून शेडच्या बाहेर लांब ठेवली. टाकी रिकामी आहे म्हणून बिनधोक, असे समजणारे फसतात. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा लवकर भडकते. पाठोपाठ बॅटरीची वायर सोडली. तळाखालून जाणारे ब्रेकचे पाइप आणि वायरिंग बाजूला घेतले. वाळूची बादली जवळ ठेवली.

दुसरे काम मापाचे. जीपला दरवाजे नाहीत, छत नाही. तिची बॉडी उघड्या डब्यासारखी, आणि डब्याचा तळ कापला तर बाजू आत-बाहेर होणारच. म्हणून कापण्याआधी चाचांनी बाजूंना अँगलचे आडवे आणि तिरपे टेकू मारले. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर खडूने लिहिले. बोल्टच्या भोकांची अंतरेही लिहिली. शेवटी बॉडी चासीवर बसली नाही तर दोष कोणाचा, हे त्या खडूच्या आकड्यांवरून ठरणार होते. आणि दोन्ही बाजू एकदम कापल्या नाहीत. आधी उजवी पूर्ण केली, मग डावीला हात लावला.

तिसरे, जुना पत्रा काढणे. कारखान्यात तळ चॅनेलला स्पॉट वेल्डिंगने जोडलेला असतो. घाई करणारा गॅसने कापतो आणि चॅनेलही जाळतो. चाचांनी स्पॉट शोधून एकेक ड्रिलने उकलला. आम्हाला उसवणे आठवले. चांगला शिंपी जुनी शिवण ओढून फाडत नाही, टाका टाका कापतो, म्हणजे मूळ कापड शाबूत राहते.

तळ निघाल्यावर चॅनेल उघडी पडली. त्यांपैकी दोन पार गेलेली होती. इथे बहुतेक कामे बिघडतात. गिऱ्हाइकाने तळाचे पैसे ठरवलेले असतात, चॅनेलचे नाही, म्हणून कारागीर कुजक्या चॅनेलवरच नवा पत्रा ठोकतो. चाचांनी काम थांबवले, आम्हाला बोलावले, दाखवले आणि वाढीव खर्च सांगितला. आम्ही कबूल केल्यावरच पुढे गेले.

चौथे, पत्र्याची जाडी. मूळ पत्रा किती जाडीचा, हे अंदाजाने ठरवू नये. बोल्टच्या वॉशरखाली जिथे गंज पोचलेला नाही तिथे मोजावा. या कामाला साधारण १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर पत्रा लावतात. वीस गेज स्वस्त पडतो, पण सीटच्या बोल्टला टिकत नाही. मोठा जाड लावला तर वजन वाढते आणि घड्या मूळच्यासारख्या येत नाहीत. पत्र्यावरच्या त्या उभ्या घड्या शोभेच्या नाहीत, त्यांच्यामुळे पातळ पत्र्याला ताठपणा येतो. सपाट पत्रा टाकून घड्या गाळणारा कारागीर तळाचा कणाच काढून घेतो.

जस्ताच्या मुलाम्याचा पत्रा लावू का, असे आम्ही विचारले. चाचा म्हणाले, लावता येतो, पण वेल्डिंगच्या जागेवरचे जस्त घासून काढायला हवे. जस्त जळून पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डरांना हा ताप चांगलाच ओळखीचा आहे. गूळ खाऊन किंवा दूध पिऊन तो टळतो, ही समजूत सोडावी. उघडी हवा आणि तोंडाला योग्य मुखवटा, हाच इलाज. कारागिराची छाती ही त्याच्या भांडवलाची पहिली रक्कम आहे.

पाचवे, कच्चे बसवणे. नवा पत्रा क्लॅम्प आणि स्क्रूने नुसता धरून ठेवला. मग सीट ठेवून पाहिली, गिअरबॉक्सवरचे झाकण बसवले, ब्रेक आणि क्लचचे पेडल खाचेतून पूर्ण दाबून पाहिले, बॉडीचे सर्व बोल्ट चासीत फिरवले. डाव्या बाजूला एक भोक थोडे सरकलेले निघाले. पत्रा काढला, सुधारला, पुन्हा बसवला. अंगरखा अंगावर कच्च्या टाक्यांनी बसवून पाहिल्याशिवाय पक्की शिवण घालणारा शिंपी आम्ही अजून पाहिला नाही. मग पत्र्याला ती शिस्त का नको?

सहावे, वेल्डिंग. जिथे पत्रा चॅनेलवर टेकतो तिथे नव्या पत्र्याला ८ मिलिमीटरची भोके पाडली, एक-दीड इंचाच्या अंतराने. दोन्ही पत्र्यांचे आतले तोंड घासून त्यावर वेल्डिंगला चालणारा जस्ताचा प्रायमर लावला. मग सीओटू मशिनच्या बारीक तारेने एकेक भोक भरले. जाड रॉडच्या आर्क वेल्डिंगने पातळ पत्र्याला भोके पडतात, आणि गॅसची आच पसरून पत्रा लाटेसारखा वाकतो. सीओटूवरही एका ओळीत सरळ वेल्ड मारत गेल्यास तेच होते. म्हणून एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मग परत मधे, आणि हात लावून पत्रा थंड झाल्याची खात्री. दिवसाकाठी काम थोडेच दिसते. पण तळ आरशासारखा सपाट राहतो.

शेवटी रक्षण. जोडांवर वरून आणि खालून सीलर, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग. चॅनेलच्या पोकळीत मेणाचा फवारा. आणि पाणी निघून जायची मूळची भोके मोकळी. पहिल्या गॅरेजने ती भोके ‘पाणी वर येते’ म्हणून बुजवली होती. भोकातून आलेले पाणी भोकातूनच जाते, एवढा विचार केला नाही.

इंग्लंडच्या जुन्या लँड रोव्हरचे एक सुख चाचांनी सांगितले. ती गाडी १९४८ साली आली. तिची बॉडी बहुतांशी ॲल्युमिनियमची आणि तळाचे पत्रे नटबोल्टवर. पाना घ्या, काढा, बदला. जीपचे तसे नाही, तिचा तळ अंगाशी शिवलेला. म्हणून तिथे कारागिराचा हातच लागतो, नुसता पाना चालत नाही.

भावाचा प्रश्न

हे सारे मिळून आम्हाला अठ्ठावन्न हजार खर्च आला. पहिले बारा हजार पाण्यात गेले ते वेगळे. पुतण्याचा खांदा वेगळा.

आता खरे बोलायचे तर पहिल्या गॅरेजवाल्याने आम्हाला फसवले, आणि आम्ही त्याला तसे करायला लावले. बावीस हजारांतही हे काम पुरे होण्यासारखे नव्हते. बारा हजारांत तर पत्रा आणि मजुरी सुटून त्याच्या हाती काय राहणार? त्याने नाही म्हणायला हवे होते, ही त्याची चूक. ठिगळाचा भाव देऊन नवे कापड मागणे, ही आमची. गिऱ्हाईक आमच्या दुकानात येऊन साठ रुपये मीटरचे कापड तीस रुपयांत मागते तेव्हा आम्ही काय करतो? नम्रपणे नाही म्हणतो किंवा हलका माल काढतो, पण हलका माल आहे हे सांगून देतो. हलके देऊन भारी म्हणणारा व्यापारी बाजारात टिकत नाही. हाच कायदा पत्र्याला लावला पाहिजे.

काही कारागीर म्हणतील की गिऱ्हाईक जास्त देतच नाही, पोटापाण्यासाठी मिळेल ते काम घ्यावे लागते. ही अडचण खोटी नाही. सगळ्यांनाच अठ्ठावन्न हजार परवडणार नाहीत हेही खरे. पण मग तोंडाने सांगावे की या पैशांत मी एवढाच तुकडा कापून बदलीन, बाकीचा कुजलेला आहे, त्यावर सीट बांधू नका, घाटात नेऊ नका. छोटा तुकडाही इमानाने बदलता येतो. सडलेले कापून चांगल्या कडेला कड भिडवून जोडणे हे रफू. सडलेल्यावर झाकण ठेवणे हे ठिगळ. गरीब गिऱ्हाइकाला रफू द्यावे, त्यात शरम नाही.

आमचे यावर तीन आग्रह आहेत. पहिला, अंदाजपत्रक कागदावर द्यावे. तळ इतका, चॅनेल निघाली तर दर नगामागे इतके, रंग वेगळा. चार ओळी पुरतात. दुसरा, झाकण्याआधी दाखवावे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन आहे. कापलेला पत्रा, उघडी चॅनेल, आतला प्रायमर यांचे फोटो काढून मालकाला पाठवावे. ज्या कामाचा फोटो पाठवता येत नाही ते काम करूच नये. तिसरा, नाही म्हणायला शिकावे. चाचांनी आमच्यासमोर एका गिऱ्हाइकाला परत पाठवले. ते म्हणाले, “शेठ, गाडी ही अमानत आहे. तिच्यात माणसे बसतात.”

कागद आणि कायदा

जुन्या गाडीवर खर्च करण्याआधी कागद पाहावेत. खासगी गाडीच्या नोंदणीला १५ वर्षे झाली की दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि अति जुन्या गाड्यांवर त्यानंतरही बोजा वाढला. २०२१ साली सरकारने ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी वेगळे नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. नोंदणी १० वर्षांची असते, पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की नोंदणीपुस्तकातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल.

यातून कारागिराने घ्यायचा धडा सरळ आहे. मूळच्या मापाचा, मूळच्या घड्यांचा तळ बसवणे ही दुरुस्ती. लांबी वाढवणे, चासी कापणे, बॉडी बदलून दुसऱ्याच जातीची करणे हा फेरफार, आणि त्यात मालक व कारागीर दोघेही अडकतात. हौशी गिऱ्हाइकाच्या भरीला पडू नये.

धंद्याची संधी

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. जुनी जीप दुरुस्त करून घेणारा गिऱ्हाईक पूर्वी शेतकरी किंवा ठेकेदार होता, आज त्यात हौशी माणूसही आहे. तो भावापेक्षा कामाकडे बघतो आणि काम आवडले तर चार ओळखीचे पाठवतो. सुटे भाग मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि पुण्यात नाना पेठेत शोधले जातात. जीपची तयार बॉडी हवी तर लोक हरियाणातल्या मंडी डबवालीचे नाव घेतात. आणि फिलिपाइन्समध्ये एम. डी. हुआन नावाची कंपनी जीपच्या बॉड्या आणि तळाचे पत्रे दाबून जगभर पाठवते. त्या देशात लढाईनंतर अमेरिकेच्या जीप मागे राहिल्या, लोकांनी त्यांच्या जीपनी बनवल्या, आणि त्या हुनरातून निर्यातीचा धंदा उभा राहिला.

आपल्याकडे काय कमी आहे? पत्रा आहे, हात आहेत, माझगावपासूनचा अनुभव आहे. कमी आहे ती ठरावीक मापाची. आपला एक कारागीर एक उत्तम तळ बनवतो, पण त्याचा साचा, त्याची मापे त्याच्या डोक्यात राहतात आणि त्याच्याबरोबर जातात. चाचांनी आमच्या जीपचे खडूचे आकडे पुसण्याआधी आम्ही ते वहीत उतरवून घेतले, घड्यांचे पुठ्ठ्याचे नमुने कापून ठेवले. कापडात जसा नमुन्याचा तुकडा जपून ठेवतात तसे. त्या नमुन्यावरून चाचांनी नंतर आणखी दोन जीपचे तळ वाकवले आणि वेळ पहिल्यापेक्षा निम्मा लागला. चार-पाच कारागीर एकत्र आले, एक चांगले बेंडिंग मशीन घेतले, मापे लिहून ठेवली, तर तळाचे पत्रे तयार करून विकता येतील. त्यात भांडवल घालायला आपल्या व्यापाऱ्यांनी पुढे यावे. दुकानामागे दुकान काढण्यापेक्षा हे बरे.

दुसरी गोष्ट शागिर्दांची. चाचांना एकच शागीर्द आहे, तोही अर्धवेळ. गॅरेजात मुलाला वर्षानुवर्षे पाना पुसायला ठेवायचे आणि काम शिकवायचे नाही, ही जुनी रीत मोडली पाहिजे. आयटीआयत वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. मुलाने तो कागद घ्यावा आणि उस्तादाकडून हात घ्यावा. नुसत्या कागदाने पत्रा वाकत नाही, आणि नुसत्या हाताला आज बँक कर्ज देत नाही.

जीप आता चालते. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही तिला पुन्हा जॅकवर घेतले आणि पेचकसाची मूठ ठोकून पाहिली. तळ टणटणीत वाजला. पुतण्या घाटात परत गेला, आम्ही शेजारी बसलो होतो.

कारागीर बांधवांना एवढेच सांगणे की तुमचे काम चटईखाली असते, ते कोणी बघत नाही. पण घाटात ब्रेक दाबणाऱ्याचा जीव त्यावरच असतो. आणि व्यापारी बांधवांना सांगणे की भाव तोडण्याआधी विचारा, या भावात काय काय सुटणार आहे. आम्ही ते विचारले नव्हते.